जुन्या शेतकरी बायांचं आयुष्यभराचं काम नोंदवायचंय: काय विचारावं, कसं मोजावं?

दगडी_वाचनालय

सोलापूर जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, रब्बी ज्वारीचा पट्टा. जन्मभर शेतात राबलेल्या, सत्तरीच्या पुढच्या दहा-बारा बाया गावात आहेत. वाचनालयातर्फे त्यांच्या कामाची नोंद करायची ठरली आहे. व्हिडिओ करून टाकायचे नाहीत. गावात राहील असं एक बाड करायचंय. कुठलं काम, कुठल्या वयात, कशानं, किती, आणि ते कधी बंद पडलं, एवढंच.

अडचण अशी की "आयुष्यभर काय काय केलंत?" विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "काय करायचं? रानात राबायचं नि चुलीपुढं बसायचं." पुढं गप्प. वय विचारलं तर आधार कार्ड पुढं करतात. धान्याचा हिशेब पायली-मणात सांगतात, त्याचे किलो कसे करायचे कळत नाही. दळण, बियाणं, साठवण यातलं आमच्या पिढीला धड ठाऊक नाही, त्यामुळं पुढचा प्रश्नच सुचत नाही. आणि कागदोपत्री यांचं नाव कुठं सापडेल का? जाणकारांनी नेमकं सांगावं.

---

शेंडीतारा

वयापासून धरा, कारण बाकी सगळं त्यावर टांगलेलं आहे.

आधारवर १ जून किंवा १ जानेवारी असेल तर ती तारीख बाजूला ठेवा. १ जून ही शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावून दिलेली. १ जानेवारी ही अंदाजे साल सांगितल्यावर पडलेली. शाळेत न गेलेल्या बाईच्या कागदावरचं साल पाच-सात वर्षांनी सहज मागं-पुढं असतं.

"तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होता?" हा प्रश्न फुकट जातो. "तेव्हा माहेरी होता का सासरी? कडेवर कोण होतं? रांगत कोण होतं?" असं विचारा. तुमच्या भागात चालणाऱ्या खुणा: रझाकारांची धामधूम आणि पोलीस ॲक्शन (सप्टेंबर १९४८, बार्शी-करमाळ्याला निजामाची हद्द लागून होती, त्यामुळं ही आठवण पक्की असते), नवे पैसे आले (एप्रिल १९५७), पहाटेचा शेंडीवाला तारा (१९६५ ची दिवाळी), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून गेल्यावर), ७२ चा दुष्काळ, उजनीचं पाणी अडलं (धरण १९८० ला पुरं झालं), भर दुपारचं मोठं सूर्यग्रहण (१६ फेब्रुवारी १९८०), किल्लारी (३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवल्या रात्रीची पहाट). गणपती दूध प्यायला ते साल म्हणजे १९९५, सप्टेंबर. हसू नका, ही खूण फार पक्की निघते.

एका बाईला निदान तीन खुणा लावा आणि त्या एकमेकींशी जुळतात का बघा. समजा, ती म्हणाली की कोयनेच्या भूकंपाला थोरला पोटात होता, आणि ७२ ला तो खडीवर (दुष्काळी कामावर) सगळ्यांना पाणी वाटायचा. पोरगं १९६८ चं, म्हणजे ७२ ला चार वर्षांचं. चार वर्षांचं पोर पाणी वाटत नाही. एक तर भूकंपाच्या वेळी पोटात दुसरं होतं, नाही तर पाणी वाटणारा दीर होता. इथं खोडून काढायचं नाही, पुन्हा वेगळ्या वाटेनं विचारायचं.

दुष्काळांची सरमिसळ तर हमखास होते. सुकडी (दुष्काळी कामावर वाटलेलं खाणं) आणि तांबडी मिलो ज्वारी आली की ते ७२-७३. टँकर आणि चारा छावणीचं वर्णन आलं की बहुतेक २००३ किंवा २०१३. बाई दोन्हीला "दुष्काळात" एवढंच म्हणते.

---

पायली_अधोली

मापांचं आधी मिटवू. कोष्टक असं: दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोली म्हणजे पायली. सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी.

आता यातली मेख. ही सगळी भरायची मापं आहेत, वजनाची नाहीत. एकाच पायलीत ज्वारी, बाजरी, तूर वेगवेगळ्या वजनाची बसते. गावागावाची पायलीही एक नव्हती. शिवाय माप शिगेनं भरायचं की हात फिरवून सपाट, यानं बराच फरक पडतो. देताना सपाट आणि घेताना शीग हा जुनाच धंदा. तेव्हा पुस्तकातला आकडा लावून किलो करू नका. गावात कुणाकडं तरी जुनी पायली निघेल. तिच्यात तुमच्याच रानातली वाळलेली ज्वारी शिगेनं आणि सपाट अशी दोनदा भरा, वजन करा, आणि तेच बाडाच्या पहिल्या पानावर लिहून टाका. मूळ नोंदीत मात्र बाई म्हणाली ते मापच ठेवायचं.

"मण" म्हटलं की लगेच विचारा, मापाचा का वजनाचा? वजनाचा मण चाळीस शेरांचा, साधारण सव्वासदतीस किलो. खळ्यावरचं धान्य मापानं, बाजारातला गूळ-कापूस वजनानं. दोन्ही मण एकाच वाक्यात येतात आणि नोंद करणारा गोंधळतो. किलोची वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, पण घरातलं पायली-शेराचं बोलणं त्यानं थांबलं नाही.

आता दळण. हे मोजता येतं, म्हणून मोजा. एका मोठ्या भाकरीला अंदाजे १०० ग्रॅम पीठ. घरात रानात जाणारी सहा माणसं, प्रत्येकी दिवसाला सहा भाकरी, वर चार पोरांच्या दोन-दोन: झाल्या चव्वेचाळीस. म्हणजे साडेचार किलोच्या आसपास पीठ, रोज. हातजात्यावर एकटी बाई तासाला दोन-अडीच ते चार किलो ज्वारी दळते. जातं केवढं, टाकी कधी लावली (दगडाला छिन्नीनं बारीक खड्डे कधी पाडले), धान्य किती वाळलेलं, यावर ते ठरतं. म्हणजे पहाटे सव्वा ते दोन तास फक्त दळण. दोघी जावा समोरासमोर बसल्या तर वेळ कमी लागतो, पण तेव्हा बायांचे तास मोजायचे तर दुप्पट धरा.

एकदम आठवड्याचं का दळून ठेवत नव्हत्या, हा प्रश्न हमखास येतो. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते: भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना तुटते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नाही, त्यात पिठातलं तेल खवट होऊन कडवटपणा येतो. जुन्या पिठाला उकळतं पाणी घालून वेळ मारून नेतात, पण चव जाते. म्हणून रोजचं रोज.

विचारायचे प्रश्न: घरात जाती किती (रोजचं मोठं, डाळी भरडायचं वेगळं), कुठल्या दगडाचं, कुठल्या बाजारातून आणलं. जात्याला वैरण (मुठीनं दाणा) कोण घालायचं, ओढायचं कोण. टाकी लावणारा वर्षातून किती वेळा यायचा, काय घ्यायचा. गिरणी पहिल्यांदा कुठल्या गावात आली, तेलाच्या इंजिनावरची का विजेची, पायलीला काय पडायचं, आणि डोक्यावर दळण घेऊन जायचं कुणी. शेवटचा प्रश्न सोडू नका. जातं सुटलं म्हणजे तेवढे तास मोकळे झाले असं नाही. पाटी घेऊन गिरणीला जाणं आणि रांगेत बसणं आलंच.

पाण्याचंही तसंच. आड, विहीर की नदी, किती खेपा, कुठलं भांडं. घरातला जुना हंडा आणि कळशी लिटरच्या मापानं भरून बघा. भरलेला हंडा आणि वर कळशी मिळून वीस किलोच्या पुढं जातं. खेपा गुणिले वजन, आणि वाट पावलांनी मोजून. उन्हाळ्यातल्या खेपा वेगळ्या लिहा.

---

दगडी_वाचनालय

फार उपयोगी. एका घरात जातं मिळालं, दोघी आजींनी फिरवूनही दाखवलं. पण पीठ राखाडी येतंय, दाताखाली कचकच लागते आणि अर्धं धान्य भरडच पडतंय. आजी म्हणतात जातं "मेलंय". काय करावं?

---

पायली_अधोली

दोन वेगळे दोष आहेत. भरड पडतंय कारण दगडांच्या आतल्या तोंडांवरचे टाकीचे खड्डे झिजून ती गुळगुळीत झाली आहेत; दाणा कापला न जाता घरंगळतो. यावर टाकी लावणं हाच उपाय. पाथरवट मिळाला तर त्यालाच बोलवा, हौशी माणसानं छिन्नी चालवू नये. खड्डे खोल पडले तर कपची उडते, आणि उथळ-खोल पडले तर वरचा दगड डुगडुगतो.

राखाडी रंग आणि कचकच म्हणजे दगडाची भुकटी. वर्षानुवर्षं पडून असलेलं जातं आधी कोरड्या ब्रशनं झाडा, धुतलंत तर दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवा. ओल राहिली की पीठ खाचांत चिकटून आंबतं आणि किडे होतात. मग कोंडा किंवा जनावरांना घालायचं धान्य दोन-तीनदा दळून टाकून द्या. टाकी नव्यानं लावल्यावर तर हे करायचंच, ते पीठ जनावरांनाही नको. तळहातावर पीठ चोळून बघायचं, मऊ लागलं तरी चिमूटभर दाताखाली धरायचं.

तिसरं बघा: मधला खिळा आणि वरच्या दगडात बसवलेलं लाकूड. ते लाकूड झिजलं की वरचा दगड एका बाजूला टेकतो, तिकडं दगडावर दगड घासतो आणि दुसरीकडून भरड निघते. डाळ भरडताना खिळ्यावर चिंधीचं वेटोळं घालून वरचा दगड मुद्दाम उचलतात. जुनं वेटोळं तिथंच अडकलेलं असू शकतं. आधी ते तपासा, नाही तर उगीच पाथरवटाचे पैसे जातील.

या लाकडाची, खिळ्याची नावं गावोगाव वेगळी आहेत. आजी जे म्हणतील तेच लिहा.

आणि फिरवायला बसल्या आहेत तर ओव्या तेव्हाच घ्या. नुसतं समोर बसवून "ओवी म्हणा" म्हटलं की चार ओळींवर गाडी अडते. हात फिरायला लागला की आपोआप येतात. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या आहेत, त्या ऐकल्यात तर काय विचारायचं तेही सुचेल. फोन जात्याच्या वर धरू नका, घरघर सगळं गिळते. म्हणणारीच्या खांद्यामागं, भिंतीपासून लांब.

---

बळद_कणगी

बियाणं आणि साठवण हे दोन विषय घरधन्याला विचारू नका, त्याला अर्धवट माहीत असतं. पेरणी त्याची, पण पेरायला काय शिल्लक राहील ते बाईच्या हातात.

ज्वारीपासून. बियाण्याची कणसं काढणीआधी, उभ्या पिकात निवडायची. बांधाकडेची नको (तिथं मोकळी हवा-माती मिळून कणीस उगीच मोठं होतं, शिवाय शेजारच्या रानाचा पराग येतो), रानाच्या मधली, दाणा गच्च भरलेली, टपोरी. मळायची वेगळी, काठीनं बडवून. बैलांच्या पायाखाली दिली तर दाणा फुटतो आणि फुटका दाणा उगवत नाही. बायांना विचारा: खूण कशाची बांधायच्या, किती कणसं, कोण निवडायचं, सासू की सून. सुनेच्या हाती ही निवड कधी आली, हा तिच्या घरातल्या अधिकाराचा फार नेमका प्रश्न आहे.

तुमच्या भागात रब्बीला मालदांडी, हे ज्वारीचं जुनं वाण. पेरा हस्ताच्या आसपास, बी एकरी चार किलोच्या घरात. पायलीचं वजन काढलंत की आजींचा आकडा याच्याशी ताडून बघता येईल. तिफणीमागं मोघण (बी सोडायची नळी) धरून करडई किंवा हरभऱ्याच्या ओळी सोडायचं काम बायांकडं असायचं. "पेरणी केली का?" विचारलं तर "पेरणी गडीमाणसाची" म्हणून नाही म्हणतील, "मोघण धरलं का?" विचारलं की हो म्हणतील. तसंच "राखण": हुरड्यात दाणा आल्यापासून काढणीपर्यंत माच्यावर गोफण घेऊन पाखरं हाकणं. याला कुणी कामच म्हणत नाही.

१९६४ ला सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. संकरिताचं बी घरी धरलं तर पुढच्या वर्षी पीक उंच-बुटकं, मागं-पुढं निसवतं आणि उतारा पडतो, म्हणून दरवर्षी दुकानातून आणायचं. तिथं बियाण्याची निवड बाईच्या हातून सुटली. पण ही गोष्ट खरिपाची. रब्बीत मालदांडी टिकली आणि घरचं बीही टिकलं. सोलापुरात दोन्ही एकाच घरात दिसेल, म्हणून पीकवार विचारा. सरसकट "हायब्रीड आलं आणि जुनं गेलं" असं लिहून मोकळं होऊ नका.

भाजीपाल्याचं बी: भोपळा, दोडका, काकडीच्या बिया ताज्या शेणात थापून गवरी भिंतीला मारायची. वाळलं की किडा शिरत नाही, पेरताना गवरी फोडायची. वाल-घेवडा चाळलेल्या राखेत, मडक्यात, तोंड शेणामातीनं लिंपून. काही कणसं चुलीच्या वर टांगलेली असत. धुरानं कोरडी राहतात आणि कीड येत नाही. पण फार खाली टांगली तर आचेनं बी मरतं. म्हणून पेरणीआधी ओल्या फडक्यात शंभर दाणे बांधून तीन-चार दिवसांनी मोड मोजायचे आणि कमी निघाले तर पेरताना मूठ वाढवायची. आजही हेच करतात. गावठी बी जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंना २०२० ला पद्मश्री जाहीर झाल्यावर शहरातल्यांना हे कळलं. गावात जे आहे ते कुणी लिहून ठेवत नाही एवढंच.

साठवण. कणगी म्हणजे कळकाच्या कामट्यांची किंवा तुरकाट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेली. जमिनीला टेकवायची नाही, खाली दगड. बळद भिंतीतलं. पेव जमिनीत. धान्य घालायच्या आधी दाणा दाताखाली धरायचा. "कट्" वाजून फुटला तर वाळला, दबला तर अजून ऊन हवं. इथं सगळ्यात मोठी चूक होते ती उन्हातून काढलेलं धान्य गरम असतानाच भरण्याची. आत घाम धरतो, वरचा थर ओला होतो, बुरशी आणि मग सोंडे. संध्याकाळी गोळा करून रात्रभर पसरून ठेवायचं आणि सकाळी दव पडायच्या जागेतून उचलून भरायचं.

डाळींचं वेगळं. तूर, मटकी, हरभऱ्याला भुंगेरा रानातच अंडी घालतो, घरात आणून कितीही झाकलंत तरी आतून पोखरतो. म्हणून खायची तूर लवकर भरडून डाळ करायची. फुटलेल्या डाळीत भुंगेऱ्याला वाढता येत नाही. बियाण्याची तूर फोडता येत नाही, तिला किलोला चमचाभर एरंडेल चोळायचं किंवा राखेचे थर.

---

रब्बी_वाला

> संध्याकाळी गोळा करून रात्रभर पसरून ठेवायचं आणि सकाळी दव पडायच्या जागेतून उचलून भरायचं

हे वाक्य उलटं वाचलं जाईल. दवात पसरायचं नाही. रात्रभर घरात किंवा छपराखाली थंड होऊ द्यायचं आणि सकाळी भरायचं. बाकी मान्य. किडीसाठी धान्यात कडुनिंबाचा पाला घालणार असाल तर तो सावलीत वाळवलेलाच हवा, ओला घातला तर तोच ओल सोडतो.

---

बळद_कणगी

बरोबर, घाईत गडबड झाली. छपराखालीच.

आणि एक धोक्याची सूचना. नोंद करता करता कुणाला तरी जुनं पेव उघडून बघायची हुक्की येते. बंद पेवात धान्याच्या श्वासानं कार्बन डाय ऑक्साईड साठतो आणि तो तळाशी बसतो. पूर्वी तोंड उघडून निदान एक रात्र तसंच ठेवायचे, मग दोरीनं पेटता कंदील सोडायचे. विझला तर उतरायचं नाही. कंदील राहिला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. तुम्ही उतरूच नका. वरून फोटो काढा, दोरीला दगड बांधून खोली मोजा. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती, २००५ च्या पुरात त्यांचं मोठं नुकसान झालं. तिथले फोटो बघून रचना समजेल.

---

फेरफार_सहाक

कागदांचा प्रश्न मागं पडला. ही बाई कागदावर सापडते, पण "शेतकरी" म्हणून फार क्वचित.

सातबारावर नवऱ्याचं, सासऱ्याचं किंवा थोरल्या दिराचं नाव असेल. नावापुढं "ए.कु.मॅ." असेल तर जमीन एकत्र कुटुंबाची आणि तो कुटुंबाचा व्यवस्थापक. बाई लवकर विधवा झाली असेल तर मुलांच्या नावापुढं "अ.पा.क." (अज्ञान पालनकर्ती) म्हणून आईचं नाव दिसतं. मुलं सज्ञान झाली की तेही जातं. म्हणून आजचा सातबारा बघून उपयोग नाही. त्यावर कंसात किंवा वर्तुळात जे फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांक असतात ते उतरवून घ्या आणि गाव नमुना ६ मधले ते फेरफार काढा. वारसांची नोंद ६-क मध्ये मिळते: नवरा कधी गेला, वारस कोण, बायकोचं नाव लावलं की गाळलं. जुन्या नोंदींच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात. मोडीतल्या असतील तर वाचणारा शोधावा लागेल.

माहेरच्या गावचे फेरफारही बघा. "हक्कसोडपत्र" म्हणून नोंद आणि खाली बाईचा अंगठा, हे फार ठिकाणी सापडतं. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलासारखा हक्क मिळाला. तुमच्या बहुतेक आज्यांची लग्नं त्याच्या कितीतरी आधीची.

शेतकरी संघटनेनं १९८९ च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती: नवऱ्यानं हयातीतच बायकोच्या नावे जमीन करायची. पुढं १९९२ ला सरकारनंही त्याच नावाची योजना काढली, नवऱ्याच्या अर्जावर सातबारावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. गावात कुणी तसं केलं होतं का, विचारा.

जनगणनेतून गावातल्या कामकरी बायांचा आकडा काढणार असाल तर सावध. १९७१ ला मोजणीची पद्धत बदलली, "मुख्य काम कोणतं?" असं विचारलं गेलं, आणि उत्तर "घरकाम" आलं की बाई कामकऱ्यांच्या यादीतून बाहेर. १९६१ आणि १९७१ चे आकडे शेजारी ठेवले तर दहा वर्षांत बायांनी शेती सोडली असं वाटेल. तसं काही झालं नव्हतं. त्याच काळात बाया दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या.

एक व्यवहाराचं. मुलाखतीत कुणी विधवा आजी निघाली आणि नवऱ्यामागं तिचं नाव लागलेलंच नाही असं दिसलं, तर ते अजून करता येतं: मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, ८-अ चा (खात्यावरच्या जमिनीचा) उतारा, तलाठ्याकडं किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर वारस नोंदीचा अर्ज. नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. पण हे तुम्ही पुढाकार घेऊन करू नका. आजीनं स्वतः विचारलं तरच सांगा, आणि मुलांच्या समोर जमिनीचा विषय काढू नका. तुम्ही उठून गेल्यावर तिला त्याच घरात राहायचं आहे.

---

सुईणीची_पिशवी

सगळे प्रश्न कामाचे आहेत, शरीराचा एकही नाही.

"तब्येत कशी होती?" विचारलं तर "चांगली होती" म्हणतील. हे विचारा: बाळंतपणं किती, त्यातली जगली किती (हे दोन आकडे वेगळे विचारायचे, आणि पहिला आधी), कितव्या दिवशी पुन्हा पाण्याला गेलात, कितव्या महिन्यापर्यंत खुरपायला जात होता, बाळ रानात कुठं ठेवायचा. बाळंतपणानंतर लगेच जड हंडे उचलल्यानं अंग बाहेर येतं (गर्भाशय खाली सरकतं). ते कित्येकींनी जन्मभर कुणाला सांगितलेलं नसतं. विचारणारी बाईच हवी, खोलीत दुसरं कुणी नको, आणि फोन बंद. सांगितलं तर दवाखान्याची सोय करून द्यायची, बाडात लिहायचं नाही. तिनं लिहा म्हटलं तरी नाव न घालता.

ओणव्यानं खुरपून कंबर, उकिडवं बसून गुडघे, गवऱ्या-काटक्यांच्या धुरानं दम आणि डोळे. चूल कुठं होती, धुराडं होतं का, गॅस कोणत्या साली आला आणि आल्यावरही भाकरी कशावर होत होती, एवढं विचारलंत की दम्याचं अर्धं उत्तर मिळतं.

---

दगडी_वाचनालय

पुढच्या आठवड्यापासून सुरू करतोय. विचारणाऱ्या दोन बाया ठरवल्या. एक राहिलं: उखळ-मुसळ. आमच्याकडं भात नाही, तरी प्रत्येक जुन्या घरात उखळ आहे. कशाला?

---

पायली_अधोली

ज्वारी-बाजरी सडायला. दाण्याला पाण्याचा हात लावून, थोडा वेळ मुरू देऊन हलक्या हातानं कांडायचं, म्हणजे वरचं साल सुटतं. मग सुपात पाखडून कोंडा वेगळा. पाणी जास्त झालं तर दाणा चेचला जाऊन लगदा होतो, कमी झालं तर साल न सुटता दाणा फुटतो. सडलेली बाजरी खिचड्याला, ज्वारी भरडून कण्यांना. कण्या ताकात शिजवून खायच्या, भाकरीपुरतं धान्य नसेल तेव्हाही त्याच, म्हणून "कण्या रोज होत्या का सणाला?" असं विचारा, घरची परिस्थिती कळते. शिवाय मिरची, हळद.

उखळ जमिनीत पुरलेलं असेल तर उपटू नका. आतली खोली आणि तोंडाचा व्यास मोजा. मुसळाचं वजन करा, खालचं लोखंडी कडं झिजून किती उरलंय तेही. मुसळं बहुतेक दोन निघतील, एक जड आणि एक हलकं. हलकं कुणासाठी होतं ते विचारा. बऱ्याच घरांत ते पोरींसाठी असायचं. कितव्या वर्षी ते हातात आलं, ही वयाची आणखी एक खूण झाली.